सीरियल कन्सोलवर काहीच दिसत नाही? तारेपासून लॉगिनपर्यंत तपासायचा क्रम

नेटवर्क बसलं, फायरवॉलचा एखादा नियम चुकला किंवा कर्नल वर येता येता अडकला, की नेटवर्कवरून लॉगिन देणाऱ्या एसएसएचचा उपयोग संपतो आणि हाताशी उरतं ते सर्व्हरच्या मागचं नऊ पिनांचं पोर्ट. केबल लावावी तर पडदा काळाच. मग घाईत केबल बदलली जाते, वेग बदलला जातो, बायोसमध्येही काहीतरी फिरवलं जातं, आणि चाललं तरी कशामुळे चाललं ते कळत नाही. सीरियलची साखळी लांब असली तरी सरळ आहे: लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम, यूएसबी अडॅप्टर, केबल, सर्व्हरचं पोर्ट, बायोस, बूटलोडर, कर्नल आणि शेवटी लॉगिन विचारणारा गेटी. यातला प्रत्येक दुवा वेगळा तपासता येतो. त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदला आणि सुरुवात आपल्या लॅपटॉपपासून करा.

इथे आदेश आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायची.

आधी लक्षण नीट ओळखा

एकही अक्षर येत नसेल तर सर्वांत आधी एंटर दाबा. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण गेटीने लॉगिनची ओळ तुम्ही केबल लावण्याच्या कितीतरी आधी छापलेली असते आणि सीरियलवर जुनं काही आपोआप पुन्हा उमटत नाही. दोन-तीनदा एंटर मारूनही शांतता असेल, तरच पुढची तपासणी.

अक्षरं येतात पण वाचता येत नाहीत, म्हणजे बहुतेक वेळा वेग जुळत नाही. सगळं व्यवस्थित दिसतं पण टाइप केलेलं पोचत नाही, म्हणजे फ्लो कंट्रोल (थांब-पाठव असे इशारे देण्याची सोय) किंवा केबलमधली एक तुटलेली तार. आणि बायोसचे संदेश दिसले, मेन्यू दिसला, मग एकदम गप्प, असं असेल तर केबलला हात लावू नका. तार, अडॅप्टर आणि पोर्ट ठीक आहेत हे मशीननंच सिद्ध केलंय. दोष बूटलोडरच्या किंवा कर्नलच्या सेटिंगमध्ये आहे.

लॅपटॉप आणि अडॅप्टर

लिनक्सवर अडॅप्टर लावल्यावर लगेच कर्नलचे संदेश दाखवणारा 'डीमेसग' आदेश चालवून पाहा. एफटीडीआय, प्रोलिफिक, सीएच३४० किंवा सीपी२१०२ यापैकी एखाद्या चिपचं नाव आणि त्यापुढे 'टीटीवाययूएसबी०' असं पोर्ट दिसायला हवं. काही उपकरणं 'टीटीवायएसीएम०' या नावानं येतात. काहीच ओळ आली नाही तर यूएसबी हब काढून थेट लावा.

ओळ येते आणि दोन सेकंदांत 'डिस्कनेक्टेड' म्हणून जाते, असं उबुंटू २२.०४ वर सीएच३४० असलेल्या अडॅप्टरबाबत हमखास होतं. अंधांसाठीच्या ब्रेल डिस्प्लेची सेवा, बीआरएलटीटीवाय, ही चिप आपलं उपकरण समजून ताब्यात घेते. ब्रेल डिस्प्ले वापरात नसेल तर ते पॅकेज काढून टाका आणि अडॅप्टर पुन्हा लावा.

'स्क्रीन' हा टर्मिनल प्रोग्रॅम सुरू होताच 'स्क्रीन इज टर्मिनेटिंग' म्हणून बंद पडलं तर तीन कारणं शोधा. पोर्टचं नाव चुकलंय, तुमच्या खात्याला परवानगी नाही, किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमनं पोर्ट धरून ठेवलंय. परवानगीसाठी डेबियन, उबुंटू आणि फेडोरावर 'डायलआउट' गटात, आर्चवर 'यूयूसीपी' गटात खातं घाला आणि लॉगआउट करून परत या. नुसती नवी टर्मिनल खिडकी उघडून गट लागू होत नाही. पोर्ट कोणी धरलंय ते 'एफयूझर' सांगतं. पोर्ट नुकतंच लावलेलं असेल तर तो मॉडेममॅनेजर असू शकतो. नव्या पोर्टवर मॉडेम आहे का हे पाहायला तो स्वतःहून एटी आदेश पाठवतो, आणि ते थेट सर्व्हरच्या लॉगिनमध्ये जाऊन पडतात.

विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम क्रमांक पाहून पुट्टी किंवा टेरा टर्ममध्ये तोच द्या. प्रोलिफिकच्या अडॅप्टरवर पिवळं चिन्ह आणि 'कोड १०' दिसत असेल तर चिप जुनी किंवा नकली आहे आणि नवा ड्रायव्हर तिला नाकारतोय. जुना ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा एफटीडीआय चिपचा चांगला अडॅप्टर बॅगेत कायमचा ठेवावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत असे अडॅप्टर, सुटे डीबी-९ (नऊ पिनांचे) कनेक्टर आणि नल मोडेम केबल मिळतात. विकत घेताना चिप कोणती ते विचारा.

आता अडॅप्टरची स्वतःची परीक्षा. केबल काढा, अडॅप्टरच्या पिन २ आणि पिन ३ तारेच्या तुकड्यानं जोडा, प्रोग्रॅममध्ये फ्लो कंट्रोल पूर्ण बंद करा आणि काहीही टाइप करा. टाइप केलेलं पडद्यावर परत आलं आणि तार काढताच थांबलं, तर अडॅप्टर, ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम तिन्ही ठीक. तार काढूनही अक्षरं दिसत राहिली तर प्रोग्रॅमचा लोकल एको (टाइप केलेलं स्वतःच दाखवणं) चालू आहे, तो बंद करून परत करा. हीच परीक्षा नंतर केबलच्या दुसऱ्या टोकाशी करा, म्हणजे केबलमध्ये तार तुटलेली आहे का तेही कळतं.

केबल: सर्वांत जास्त वेळ इथेच जातो

सर्व्हर आणि लॅपटॉप दोघंही पिन ३ वर पाठवतात आणि पिन २ वर ऐकतात. त्यामुळे मधल्या केबलमध्ये २ आणि ३ ची अदलाबदल हवी. ती नल मोडेम केबल. पिन ५, म्हणजे ग्राउंड, सरळ ५ लाच जाते. पूर्ण केबलमध्ये ७ आणि ८ चीही अदलाबदल असते आणि एका बाजूची ४ दुसऱ्या बाजूच्या ६ व १ ला जोडलेली असते. साध्या कन्सोलला २, ३ आणि ५ एवढ्या तीन तारा पुरतात, मात्र मग फ्लो कंट्रोल बंदच ठेवावं लागतं.

दोन्ही टोकांना मादी कनेक्टर आहे म्हणजे केबल नल मोडेमच असेल असं धरू नका. सरळ तारांची मादी-मादी केबलही मिळते. छोटा नल मोडेम जोड आणि साधा जेंडर चेंजर तर बाहेरून सारखेच दिसतात. केबलवर चिकटवलेल्या लेबलपेक्षा मल्टीमीटरवर विश्वास ठेवा.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळं टोक पिन ५ ला. सर्व्हर चालू, केबल काढलेली. लाल टोक सर्व्हरच्या पिन ३ ला लावलं की ऋण व्होल्टेज दिसलं पाहिजे, साधारण −५ ते −१२ च्या दरम्यान. आरएस-२३२ मध्ये स्वस्थ बसलेली पाठवणारी तार ऋणच असते. पिन २ वर शून्याच्या आसपास दिसेल. पिन ३ वरही शून्य असेल तर पोर्ट बायोसमध्ये बंद आहे, किंवा पोर्ट मागच्या वेगळ्या पट्टीवर (ब्रॅकेटवर) असेल तर मदरबोर्डला जोडणारी आतली रिबन केबल सुटली आहे. त्या दहा पिनांच्या रिबनच्या दोन वेगवेगळ्या जोडण्या बाजारात आहेत. दुसऱ्या मशीनमधली काढून लावली की कनेक्टर चपखल बसतो पण पिना भलत्याच जागी येतात.

सर्व्हरची बाजू ठीक निघाली की केबल फक्त लॅपटॉपच्या अडॅप्टरला लावा आणि तिचं मोकळं टोक मोजा. ऋण व्होल्टेज पिन २ वर आलं तर केबल अदलाबदलीची, म्हणजे योग्य. ते पिन ३ वर आलं तर केबल सरळ आहे. दोन पाठवणारे समोरासमोर उभे आहेत आणि ऐकणारं कोणीच नाही.

आरजे-४५ कन्सोल पोर्ट असेल तर आणखी काळजी घ्या. सिस्कोच्या फिकट निळ्या रोलओव्हर केबलमध्ये १ ची ८, २ ची ७ अशी पूर्ण उलटी जोडणी असते. सिस्कोच्या पोर्टवर ३ पाठवते, ६ ऐकते, ४ आणि ५ ग्राउंड आहेत. पण आरजे-४५ वर सीरियल कसं जोडायचं याचं सर्वांनी पाळलेलं एकच मानक नाही. दुसऱ्या कंपनीच्या उपकरणाला तीच निळी केबल चालेल असं गृहीत न धरता त्याच्या माहितीपत्रकातला पिनांचा तक्ता पाहा.

दोन ठिकाणी चुकीची केबल खरंच महागात पडते. एपीसीच्या स्मार्ट-यूपीएसवरचं डीबी-९ पोर्ट दिसायला नेहमीसारखं असलं तरी त्याची जोडणी वेगळी आहे. साधी सीरियल केबल लावली तर यूपीएस बंद पडून अख्खा रॅक खाली जाऊ शकतो. त्याला त्याचीच केबल हवी. दुसरं, बोर्डवरच्या ३.३ व्होल्टच्या टीटीएल पिनांना आरएस-२३२ अडॅप्टर कधीही थेट लावू नका. ±५ ते ±१२ व्होल्ट त्या चिपला सोसत नाहीत.

वेग आणि फ्लो कंट्रोल

सर्व्हरवर ११५२००, तर स्विच-राउटरवर ९६०० हे सर्वाधिक आढळणारे वेग. सोबत ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट, म्हणजे ८एन१. कचरा दिसत असेल तर या दोन वेगांनंतर ५७६००, ३८४०० आणि १९२०० याच क्रमानं पाहा. प्रत्येक वेळी एंटर दाबून उत्तराची वाट बघा. बरीचशी अक्षरं बरोबर आणि मोजकीच चुकीची येत असतील तर वेग ठीक आहे, पॅरिटी किंवा डेटा बिट चुकलेत.

वेग का जुळायला हवा ते आकड्यांतून स्पष्ट होतं. ९६०० वर एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो, ११५२०० वर जेमतेम ८.७. सोबत घड्याळाची तार नाही, त्यामुळे ऐकणारा स्टार्ट बिटपासून स्वतःच मोजत जातो. मोजमाप चुकलं की एका बिटाच्या जागी बारा वाचले जातात.

जमेल तिथे ११५२०० च ठेवा. एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून दहा बिट लागतात, म्हणजे ९६०० वर सेकंदाला ९६० अक्षरं. २४ ओळी गुणिले ८० अक्षरांचा एक पडदा भरायला दोन सेकंद जातात आणि बायोसचा मेन्यू रांगत चालतो. शिवाय कर्नल कन्सोलवर संदेश छापताना पोर्टची वाट पाहतो. ड्रायव्हरनं चुकांचा पाऊस पाडला तर कमी वेगाच्या कन्सोलमुळे सगळं मशीनच अडखळू शकतं.

दिसतं पण टाइप होत नाही, ही तक्रार मिनीकॉम या सीरियल प्रोग्रॅमवर सर्वाधिक येते, कारण त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल बहुधा चालू असतं. तीन तारांच्या केबलवर पलीकडून 'पाठव' असा इशारा येतच नाही आणि तुमची अक्षरं लॅपटॉपमध्येच थांबतात. कंट्रोल-ए, मग ओ, सीरियल पोर्ट सेटअप, तिथे एफ दाबून ते 'नो' करा आणि सेटिंग जतन करा. पुट्टीत सीरियलचं फ्लो कंट्रोल मुळात एक्सऑन-एक्सऑफ असतं, तेही 'नन' करा. पडदा एकदम गोठला असेल तर चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलंय का पाहा. कंट्रोल-क्यूनं तो सुटतो.

बायोस, ग्रब, कर्नल, गेटी

ग्रब म्हणजे लिनक्सचा नेहमीचा बूटलोडर. इथे चारही जागी पोर्ट आणि वेग स्वतंत्रपणे लिहिलेले असतात. एकीकडे बदलून दुसरीकडे आपोआप बदलत नाही. बायोसचे संदेश स्वच्छ आणि ग्रबपासून कचरा, याचा अर्थ एवढाच.

बायोसमध्ये 'कन्सोल रीडायरेक्शन' चालू करा आणि ते कॉम१ वर आहे की कॉम२ वर हे टिपून ठेवा. डेलच्या सर्व्हरवर मागचं पोर्ट नेमकं कोणत्या सीरियल डिव्हाइसला जोडायचं याचं वेगळं सेटिंग आहे, आणि आपत्कालीन वेग 'फेलसेफ बॉड रेट' या नावाखाली असतो. लिनक्सच्या भाषेत कॉम१ म्हणजे टीटीवायएस०, पत्ता ३एफ८, आयआरक्यू ४. कॉम२ म्हणजे टीटीवायएस१, पत्ता २एफ८, आयआरक्यू ३. एआरएम सर्व्हरवर बहुधा टीटीवायएएमए० असतं.

कोणतं पोर्ट कुठे निघतं याचा गोंधळ असेल आणि मशीनमध्ये एसएसएचनं शिरता येत असेल, तर रूट होऊन 'एसटीटीवाय'नं दोन्ही पोर्टांचा वेग ११५२०० करा आणि 'एको'नं टीटीवायएस० वर 'शून्य' व टीटीवायएस१ वर 'एक' असे वेगळे शब्द पाठवा. जो शब्द पडद्यावर उमटला ते तुमचं पोर्ट. यापेक्षा खात्रीची पद्धत नाही.

ग्रबसाठी 'इटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या फाइलीत 'ग्रब_टर्मिनल'ला 'कन्सोल सीरियल' हे मूल्य द्या आणि 'ग्रब_सीरियल_कमांड'मध्ये वेग ११५२००, युनिट ०, वर्ड ८, पॅरिटी नो, स्टॉप १ लिहा. मग डेबियन-उबुंटूवर 'अपडेट-ग्रब' चालवा. रेड हॅटच्या कुळात ग्रबच्या ओळींसाठी 'ग्रब२-एमकेकॉन्फिग' आणि कर्नलच्या ओळीसाठी 'ग्रबी' वापरा. प्रत्येक अक्षर दोनदा दिसत असेल तर बायोस बूटनंतरही पडदा सीरियलवर पाठवतोय आणि ग्रबही स्वतः पाठवतोय. बायोसमधलं 'रीडायरेक्शन आफ्टर बूट' बंद करा.

कर्नलच्या ओळीत 'कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८' असं याच क्रमानं लिहा. संदेश दोन्हीकडे जातात, पण जो शेवटी लिहिलेला तो 'डेव्ह/कन्सोल' बनतो. बूटच्या सुरुवातीला अडकल्यावर मिळणारं आपत्कालीन शेल तिथेच उघडतं. क्रम उलटा असेल तर कर्नलचे संदेश सीरियलवर दिसतील आणि शेल मात्र रिकाम्या डेटा सेंटरमधल्या न जोडलेल्या मॉनिटरवर वाट पाहत बसेल. 'क्वाएट' हा शब्द ओळीत असेल तर तोही काढा, नाहीतर लॉगिनपर्यंत जवळजवळ शांतता असते.

संदेश येतात पण लॉगिन येत नाही, तर गेटी चालू नाही. कर्नलच्या ओळीत सीरियल कन्सोल असेल तर सिस्टिमडी गेटी आपोआप सुरू करतं. नसेल तर 'सिस्टिमसीटीएल इनेबल' सोबत 'नाऊ' पर्याय देऊन 'सीरियल-गेटी ॲट टीटीवायएस० डॉट सर्व्हिस' चालू करा.

या सगळ्या टप्प्यांवर एक फाइल फार उपयोगी पडते: 'प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सीरियल'. रूट म्हणून वाचा. टीएक्स म्हणजे पाठवलेली अक्षरं, आरएक्स म्हणजे आलेली. गेटी चालू असताना तुम्ही लॅपटॉपवर दहा अक्षरं टाइप केलीत आणि आरएक्स हललाच नाही तर अक्षरं सर्व्हरपर्यंत पोचलीच नाहीत, केबलकडे परत जा. आरएक्स वाढतोय आणि सोबत एफई (फ्रेमच्या चुका) हाही वाढतोय तर फ्रेमच चुकतेय, म्हणजे वेग चुकीचा. आरएक्स स्वच्छ वाढतोय तरी उत्तर नाही, तर गेटी पाहा.

केबलशिवाय: सीरियल ओव्हर लॅन

आयपीएमआय (सर्व्हर दुरून सांभाळायची सोय) असलेल्या सर्व्हरवर 'आयपीएमआयटूल'ला इंटरफेस 'लॅनप्लस' देऊन 'सोल ॲक्टिव्हेट' (सोल म्हणजे सीरियल ओव्हर लॅन) केलं की तोच कन्सोल नेटवर्कवरून मिळतो. यूडीपी पोर्ट ६२३ उघडं हवं, पण फक्त व्यवस्थापनाच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये; हे इंटरनेटवर कधीही उघडं ठेवू नये. जोडणी झाली आणि पडदा काळा, तर बहुतेक वेळा कन्सोल टीटीवायएस० वर आहे आणि सोल कॉम२ शी, म्हणजे टीटीवायएस१ शी बांधलेलं आहे. 'सोल इन्फो १' वेग दाखवतं. तो कर्नलमधल्या वेगाशी जुळवा.

'ऑलरेडी ॲक्टिव्ह' म्हणून नकार मिळाला तर जुनं सत्र लटकलेलं आहे, 'सोल डीॲक्टिव्हेट' करून पुन्हा लावा. त्याआधी सहकारी त्यावर काम करत नाही ना, हे विचारा. सत्रच जुळत नसेल आणि पासवर्ड बरोबर असेल तर सायफर सूट (एन्क्रिप्शनच्या पद्धतींचा संच) बदलून पाहा. जुन्या बीएमसीला, म्हणजे सर्व्हरमधल्या व्यवस्थापनाच्या चिपला, १७ कळत नाही, ३ चालतो. बाहेर पडायला एंटर, टिल्ड (~), पूर्णविराम. एसएसएचमधून गेला असाल तर टिल्ड दोनदा, नाहीतर एसएसएचच बंद पडेल.

मशीन गोठलं असेल तेव्हा

कन्सोलवरून ब्रेक (सीरियल तारेवरचा खास इशारा) पाठवून पाच सेकंदांच्या आत एक अक्षर दाबलं की ते सिसआरक्यू, म्हणजे थेट कर्नलला दिलेला आणीबाणीचा आदेश, म्हणून कर्नलकडे जातं. एस डिस्कवर लिहितं, यू फाइल सिस्टिम फक्त-वाचनीय करतं, बी लगेच रीबूट करतं. याच क्रमानं, मध्ये काही सेकंद थांबून. प्रत्येक अक्षराआधी ब्रेक नव्यानं पाठवायचा. स्क्रीनमध्ये ब्रेक कंट्रोल-ए आणि बी, मिनीकॉममध्ये कंट्रोल-ए आणि एफ, आयपीएमआयटूलमध्ये एंटरनंतर टिल्ड आणि मोठं बी. उबुंटूवर सिसआरक्यूच्या सेटिंगचं मूळ मूल्य १७६ असतं, त्यात या तिघांना परवानगी आहे, पण टी दाबून प्रक्रियांची यादी मिळत नाही. ती हवी असेल तर 'कर्नल.सिसआरक्यू' आधीच १ करून ठेवावं लागतं.

जुन्या सन स्पार्क सर्व्हरवर मात्र ब्रेक जपून. तिथे ब्रेक मिळताच मशीन थांबून 'ओके' प्रॉम्प्टवर येतं, आणि पूर्वी टर्मिनल नुसतं बंद केल्यानंही तसा ब्रेक जाऊन चालू मशीन थांबत असे. 'गो' टाइप केलं की ते पुढे चालू लागतं.

लॉगिन झाल्यावर

लांब ओळी एकमेकींवर चढत असतील तर सर्व्हरला तुमच्या खिडकीचा आकार माहीत नाही. सीरियलवर तो आपोआप कळवला जात नाही. 'एसटीटीवाय रोज ५० कॉल्स १६०' असं खिडकीच्या मापानं सांगा. बायोसमध्ये एफ-कळा पोचत नसतील तर एस्केप आणि आकडा वापरा: एफ२ साठी एस्केप व २, एफ१० साठी एस्केप व ०. डेलवर एफ११ साठी एस्केप व उद्गारचिन्ह, एफ१२ साठी एस्केप व ॲट.

केबल काढली म्हणजे लॉगआउट झालं असं नाही. तीन तारांच्या जोडणीत तुम्ही गेलात हे सर्व्हरला कळायला तारच नसते, आणि पुढे जो कोणी केबल लावेल त्याच्यासमोर तुमचं रूट शेल उघडं असेल. आधी 'एक्झिट', लॉगिनची ओळ परत दिसली की मगच स्क्रीनमधून कंट्रोल-ए आणि के.

नवा सर्व्हर रॅकमध्ये चढवला की कामाला लावण्याआधी लॉग चालू ठेवून एकदा पूर्ण रीबूट करा. स्क्रीनमध्ये कंट्रोल-ए आणि मोठं एच दाबलं की सगळं फाइलीत उतरतं. त्या फाइलीत बायोस, ग्रबचा मेन्यू, कर्नल आणि लॉगिन असे चारही टप्पे वाचता आले पाहिजेत. जमलं की पोर्टशेजारी एक लेबल लावा: कॉम क्रमांक, वेग, केबलचा प्रकार.